तिनं मावशींकडे पाणी मागितलं

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. लोक भेटले की दरोड्याचं, खुनाचं, पाठलागाचं काही ऐकायला मागतात. मी सांगतोही. पण माण तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतला गुन्हा मी सहसा कुणाला सांगत नाही. आज लिहितो आहे, कारण तो विसरता येत नाही हे माझं मला कळून चुकलं आहे.

मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. माणसं कमी आणि हद्द मोठी असं ते ठाणं. आठवड्याच्या बाजाराचा बंदोबस्त, मेंढरं चोरीला गेल्याच्या तक्रारी, बांधावरची भांडणं आणि उन्हाळ्यात टँकरवरच्या मारामाऱ्या हे आमचं नेहमीचं काम. गावातले निम्मे कर्ते पुरुष मुंबईला माथाडी कामात. त्यामुळे ठाण्यात येणाऱ्यांत म्हातारी माणसं आणि बायका जास्त असत.

त्या दिवशी सकाळची हजेरी होऊन मी टपाल बघत बसलो होतो. दुपारी ठाणे अंमलदारांनी फोन घेतला आणि तो तसाच हातात धरून मला म्हणाले, "साहेब, शाळेतली पोरं उलट्या करायला लागलीत. खिचडी खाल्ली म्हणे."

आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या पटांगणात जीप, टेम्पो, मोटारसायकली, जे मिळेल त्यात मुलं घातली जात होती. मुलांच्या तोंडाला फेस होता. एक आजोबा नातवाला खांद्यावर टाकून नुसतेच गोल फिरत होते, कुठल्या गाडीत बसायचं ते त्यांना समजत नव्हतं. आमची गाडीही आम्ही मुलांना दिली. मी आणि दोन हवालदार शाळेतच थांबलो.

मोठी मुलं वाचली. त्यांनी पहिल्या घासाला वास येतो म्हणून ताट सरकवलं होतं. लहान वर्गातली मुलं जास्त खाऊन बसली होती. त्यांतली बहुतेक तालुक्याच्या रुग्णालयात सलाइनवर सावरली. दुसरीतली एक मुलगी मात्र वाटेतच, टेम्पोत, शेजारणीच्या मांडीवर गेली.

शाळा दोनशिक्षकी. मुख्याध्यापक त्या दिवशी केंद्रशाळेतल्या बैठकीला गेलेले. बाई एकट्याच सगळे वर्ग सांभाळत होत्या. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखायची असा नियम आहे. बाईंनी पहिल्यांदा मला सांगितलं की त्यांनी चाखली होती. माझा अनुभव असा आहे की सरकारी नोकर घाबरला की आधी नियम सांगतो आणि घडलेलं नंतर. थोड्या वेळानं त्याच रडत म्हणाल्या, "नाही चाखली हो. चौथीची पोरं भांडत होती, तिकडं गेले."

स्वयंपाक करणाऱ्या मावशी किचन शेडच्या दारात बसून होत्या. साठीला आलेल्या, किरकोळ अंगाच्या. मुलं त्यांना आजी म्हणत. त्या बौद्ध समाजातल्या. बचत गटातर्फे त्यांना हे काम मिळालं तेव्हा गावातल्या काही घरांनी मुलांना डबे बांधून दिले होते, हे मला आमच्या बीट हवालदाराकडून ठाऊक होतं. पुढं ते आपोआप मिटलं. गरम खिचडीसमोर थंड भाकरीचा डबा कोण उघडणार? मुलंच घरी डबा नको म्हणायला लागली, आणि आयांनाही सकाळची एक कटकट कमी झाली. वरून तरी सगळं सुरळीत दिसत होतं.

मी मावशींना विचारलं, "तुम्ही चाखली होती का?"

"व्हय सायब. मी चाखल्याबिगर कवाच वाढत न्हाई."

"मग तुम्हाला काही झालं नाही?"

त्यांनी मान खाली घातली. पण दारात जमलेल्या लोकांनी माझा प्रश्न ऐकला होता. तेवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की हिला काही झालं नाही, म्हणजे हिनंच घातलं. अंधार पडायच्या आत त्यांच्या घरावर दगड पडले. मी महिला हवालदाराला पाठवून मावशींना ठाण्यात आणून बसवलं, ते त्यांच्या जिवासाठी. पुढचे दिवस त्या ठाण्यामागच्या एका रिकाम्या सरकारी खोलीत राहिल्या. मोबाइलवर मात्र 'स्वयंपाकिणीला अटक' असा मजकूर त्यांच्या फोटोसकट फिरला. आम्ही खुलासा दिला. खुलासा कोण वाचतो? माणसाला जे आधीच वाटत असतं तेच तो पुढं पाठवतो.

पंचनामा रीतसर झाला. उरलेली खिचडी, तेल, मसाला, तांदूळ, पिण्याचं पाणी, सगळ्याचे नमुने सीलबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना केले. शाळेला लागून डाळिंबाची बाग होती आणि त्या दिवशी सकाळपासून तिथं फवारणी चालू होती. मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की औषध वाऱ्यानं उडून आलं असेल. मलाही काही काळ तसं वाटलं, किंबहुना तसंच असावं अशी इच्छा होती. अपघात म्हटला की गाव पुन्हा एकत्र राहू शकतं. पण प्रयोगशाळेनं तातडीनं कळवलं की तांदळात, तेलात, पाण्यात काही नाही. फक्त शिजलेल्या खिचडीत फवारणीचं औषध आहे, आणि तेही वाऱ्यानं येईल इतकं थोडं नाही. पातेल्यावर तर झाकण होतं.

म्हणजे मावशींनी चाखल्यावर आणि मुलांना वाढण्याआधी कुणीतरी ते ओतलं होतं. मावशी खरं बोलत होत्या.

मी त्यांना समोर बसवून पुन्हा पुन्हा विचारलं. "मावशी, मधल्या वेळात शेडमध्ये कोण आलं?"

"कुणी न्हाई."

"तुम्ही बाहेर गेला होता?"

"ध्येनात न्हाई सायब."

गुन्हेगार खोटं बोलतो तेव्हा बहुधा जास्त बोलतो. ही बाई कमी कमी बोलत चालली होती. ती स्वतःला वाचवत नव्हती, हे मला दिसत होतं. मग ती कुणाला वाचवत होती?

त्या काळात त्या एकच गोष्ट आपणहून म्हणाल्या. महिला हवालदारानं चहा दिला, तो त्यांनी तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "पोरं म्हणली व्हती मला, आजी, वास येतोय. मी म्हणलं, शेजारी फवारा चाललाय त्येचा आसंल, गप खावा रं. मीच म्हणलं सायब. मीच खायला लावलं." त्यानंतर त्यांनी अन्न जवळजवळ सोडलंच. आमची महिला हवालदार घरून डबा आणून समोर बसायची, तेव्हा कुठं दोन घास जायचे.

खबर मिळाली ती एका शिंप्याकडून. शाळेसमोर त्याचं छोटं दुकान होतं. त्या गावातलं मुसलमानाचं ते एकच घर. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं गोपनीय शाखेच्या आमच्या हवालदाराला गणवेशाचं माप घेता घेता सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मला तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर भेटायला आला. गावात भेटायची त्याची छाती नव्हती.

"साहेब, जी पोरगी गेली ना, तिची आई त्या दिवशी शाळेत आली होती. हातात डबा होता."

"मग? आई डबा घेऊन येईलच."

"न्हाई साहेब. ती पोरगी रोज शाळेतच खायची. डबा त्याच दिवशी आला. आणि एक सांगू का? माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

"सांगा."

"यायच्या आधी कोपऱ्यावर तिचा मोठा दीर थांबला होता. त्यानं तिच्या हातात काहीतरी दिलं. पिशवीत घातलं तिनं. जाताना ती शेडच्या मागनं गेली, पळाल्यासारखी."

हा दीर म्हणजे त्या डाळिंबाच्या बागेचा मालक. शाळेच्या समितीत तो पूर्वी होता. मावशींच्या नेमणुकीला त्यानं उघड विरोध केला होता आणि तो चालला नव्हता. पुतणी गेल्यावर मयतीच्या दिवशी सर्वांत मोठ्यानं रडला तोच, आणि 'स्वयंपाकिणीला फाशी द्या' म्हणून माझ्या टेबलावर निवेदन आणून ठेवलं तेही त्यानंच.

मी मरणोत्तर पंचनाम्याच्या वेळचं आठवून पाहिलं. मुलीच्या दप्तरात डबा होता, भरलेला. चपाती आणि साखर. आम्ही तो नोंदवला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा कुणाला कळला नव्हता. तिच्या मैत्रिणीला महिला हवालदारानं मांडीवर घेऊन विचारलं. ती म्हणाली, "तिच्या आईनं सांगितलं व्हतं, आज खिचडी खाऊ नगंस. पर ती म्हणली, आजीची खिचडी गरम हाय, मी थोडीच खाती."

मी ठाण्यात परत आलो आणि मावशींसमोर खुर्ची ओढून बसलो. यावेळी प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणालो, "मावशी, त्या मुलीची आई शेडमध्ये आली होती. मला कळलंय."

त्या कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग बोलल्या.

"तिनं पाणी मागितलं सायब."

"पाणी?"

"व्हय. दारात आली. म्हणली, मावशी, लय तहान लागलीय, पाणी देता का? आवं, इतकी वरसं झाली, त्या आळीतल्या एकाबी बाईनं माझ्या हातचं पाणी मागितलं न्हवतं. पोरं खात्यात, पोरांचं काय. पर बाईमाणसानं मागितलं न्हवतं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. शेडमधलं पाणी शिळं व्हतं. म्हणलं, हिला ताजं द्यावं. तांब्या राखंनं घासला, टाकीवर गेले, भरून आणला. आले तर ती न्हवती."

आमची महिला हवालदार उठून बाहेर गेली.

"हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?"

"तिची पोर गेली सायब. तिचं रडणं मी ऐकलं. आता तिच्यावर बोट कसं दाखवू? आणि दाखवलं आसतं तर गावानं मानलं आसतं व्हय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मुलीचे दिवस उरकेपर्यंत मी थांबलो. तपासात घाई केली की पुरावा हातचा जातो, आणि शोक चालू असलेल्या घरात पोलीस शिरला तर गाव पेटतं, हे कारण मी वरिष्ठांना दिलं. ते खरंही होतं. पण त्या बाईसमोर जाऊन बसायचं धैर्य मला गोळा करावं लागत होतं, हेही तितकंच खरं.

तिला ठाण्यात आणलं तेव्हा ती पंचविशी ओलांडलेली असेल नसेल. नवरा मुंबईला माथाडी, सणासुदीला येणारा. सासू-सासरे नाहीत, घर दिराच्या शब्दावर चालणारं. कडेवर धाकटी मुलगी होती, अजून नीट चालताही न येणारी. मी महिला हवालदाराला जवळ बसवलं आणि आवाज चढवायचा नाही असं स्वतःला बजावलं.

"ताई, त्या दिवशी डबा का दिलात?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, इतके दिवस ती याच प्रश्नाची वाट बघत होती. गावातल्या एकानंही तो विचारला नव्हता. ती रडली नाही. फार शांतपणे, जणू दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगू लागली.

"भावजी म्हणले, नुस्ता वास येईल. वासानं पोरं खायची न्हाईत. पोरं जेवली न्हाईत की तिला काढत्यात. म्हणले, कुणाला काय व्हणार न्हाई, तू फकस्त ओत आणि ये."

"तुम्हाला मावशींचा राग होता?"

"मला कशाचा राग? पोर माझी घरी येऊन सांगायची, आजीनं आज लय भारी केलं व्हतं. पर बायका पाणवठ्यावर टोचून बोलायच्या. तुझी पोरगी तिच्या हातचं मिटक्या मारून खाती म्हणून. भावजी म्हणायचे, आपल्या घराचं नाव घालवलंस. त्येंनी बाटली दिली. मी न्हाई म्हणलं न्हाई. मी कवाच कुणाला न्हाई म्हणलं न्हाई सायब." थोडं थांबून ती म्हणाली, "पोरीला सांगितलं व्हतं खाऊ नगंस म्हणून. दोनदा सांगितलं व्हतं."

मग तिनं कडेवरच्या मुलीच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "मला फाशी व्हईल का?"

तिनं दाखवलेल्या जागी, बांधावरच्या घायपातात, बाटली मिळाली. पंचांसमोर जप्त केली. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून तिला दंडाधिकाऱ्यांपुढं हजर केलं. तिथं तिनं तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. दंडाधिकाऱ्यांनी तिला विचार करायला वेळ दिला. ती म्हणाली, "मला वेळ नगं."

दिराला अटक केली. त्याची चौकशी मी स्वतः केली. माझ्या नोकरीत अट्टल गुन्हेगार मी पुष्कळ पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कधीतरी भीती तरी दिसते. हा खुर्चीत आरामात टेकून म्हणाला, "साहेब, बाटली माझ्या बागेतलीच आहे. बागेला कुलूप असतंय का? कुणीबी उचलंल. पोर गेल्यापासून ती बाई भ्रमिष्ट झालीय, तिचं काय ऐकता?" आणि मग सहज, जसं काही माझं सांत्वन करावं तसं, "तुमी भायरचं. आमचं गाव तुमाला कळायचं न्हाई."

दोषारोपपत्र आम्ही मुदतीत पाठवलं. खटला बराच रेंगाळला. सहआरोपीच्या कबुलीवर दुसऱ्याला शिक्षा देता येत नाही, त्याला स्वतंत्र आधार लागतो. तो आधार म्हणजे आमचा शिंपी. मी तेव्हा बदलून सांगली जिल्ह्यात गेलो होतो. साक्षीसाठी गेलो तेव्हा तो कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, माझं दुकान त्यांच्या जागेत हाय. पोरीचं लगीन ठरतंय." पिंजऱ्यात त्यानं सांगितलं की बाईला शाळेत जाताना पाहिलं, पण तिला कुणी काही दिलेलं पाहिलं नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर केलं. मला त्याचा राग आला नाही. त्या गावात राहायचं त्याला होतं, मला नव्हतं.

त्या मुलीच्या आईला शिक्षा झाली. दीर निर्दोष सुटला. गावात त्याची मिरवणूक काढली नाही, एवढाच काय तो संकोच. मुलांना खायला घालायचं काम दुसऱ्या बचत गटाकडं गेलं. पुष्कळ आयांनी पुन्हा डबे द्यायला सुरुवात केली. शाळेतल्या बाई निलंबित झाल्या आणि पुढं त्यांची बदली झाली. त्या मुलांना मनापासून शिकवत, असं सगळे म्हणत. ते निलंबनाच्या आदेशात कुठं लिहिता येत नाही.

मावशी मला सांगलीत भेटल्या, हळदीच्या एका गोदामाजवळ. मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि गोदामात झाडलोट करत होत्या. हात कोपरापर्यंत पिवळे. मी गाडी थांबवून उतरलो. त्यांनी ओळखलं.

मी म्हणालो, "मावशी, निकालात न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलंय, तुमचा काहीही दोष नव्हता."

"आसंल सायब."

"गावाकडं जाता का?"

"कशाला? परवा आमच्या तिकडचं एकजण भेटलं. त्येच्या पोरानं माझ्याकडं बोट करून इचारलं, हीच का ती, शाळेत इख घालणारी?" त्या हे तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. मी विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं. त्या म्हणाल्या, "सून. मी चुलीपाशी जात न्हाई. नातू घास भरवाय मागतो, तर त्यो बी मी भरवत न्हाई." एवढं बोलून त्या झाडू घेऊन आत गेल्या.

या गुन्ह्यानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सुखाचं नाही. पोलिसाला वाटतं की सत्य शोधून काढलं की काम झालं. मीही नोकरीभर तेच मानलं. इथं सत्य सापडलं, कागदावर आलं, कोर्टात वाचलं गेलं. तरी मावशींचं नाव निर्मळ झालं नाही, शाळेतल्या मुलांच्या मनातली भीती गेली नाही, आणि ज्याच्या डोक्यातून हे सगळं निघालं तो आपल्या बागेत फवारणी करत राहिला. लोक खोट्यावर विश्वास ठेवतात ते त्यांना सत्य माहीत नसतं म्हणून, असं मी समजत होतो. तसं नाही. त्यांना ते सोयीचं नसतं. कायद्याच्या कुठल्याही कलमात या सोयीला शिक्षा नाही.

शेवटची बातमी मला त्याच महिला हवालदाराकडून कळली. ती आता फौजदार झाली आहे. मी तिला विचारलं होतं, त्या बाईच्या धाकट्या मुलीचं काय झालं? बाप मुंबईला माथाडी काम करतो, खोलीत दहाजण राहतात, तिथं मूल नेता येत नाही. आईच्या माहेरी कुणी उरलेलं नाही. ती फोनवर म्हणाली, "साहेब, ती चुलत्याकडं आहे. त्याच घरात वाढतीय. त्याला बाबा म्हणती."